बक्कलं बंदच होती

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आयुष्य जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये इंजिनिअर म्हणून गेलं. पण आल्प्समधल्या ऑल्गॉयच्या डोंगरात घडलेलं सांगायलाच हवं... कारण अर्धी गोष्ट मी दडवली.

नोव्हेंबर होता. स्कीच्या तळाला बर्फात पकड घेणारे पट्टे चिकटवून डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचं, हा माझा जुना छंद. सोबत जावई समीर.

"बाबा, हा बर्फ आहे की पिठीसाखर? खालचे दगड दिसतायत. परत जाऊ या ना."

"पुण्याचे जावई फारच नाजूक बुवा!" मी म्हणालो. सासऱ्यापुढे तो आणखी काय बोलणार? मुकाट्याने मागे आला.

उतरताना बुटक्या पाइनच्या झुडपांवरचा बर्फ खचला आणि मी कमरेपर्यंत आत गेलो. स्की निघाली, पण डावा बूट दोन दगडांत घट्ट रुतला. हात बुटाच्या बक्कलांपर्यंत पोचेना. समीरने खूप ओढलं, पण व्यर्थ. फोनला रेंज नाही. शेवटी तो मदत आणायला खाली गेला.

मी एकटाच. पाय बधिर होत गेला. हललो की आणखी आत जायचो... मग खालून, अगदी पायापाशी, कुणीतरी शांतपणे मराठीत विचारलं — "घरी काय सांगणार?"

"खरं सांगेन," मी ओरडलो. "हट्ट माझा होता!"

आणि पाय बुटातून मोकळा झाला.

बचाव पथकाने नंतर बूट उकरून काढला. बक्कलं सगळी बंद. तशा बुटातून पाय निघूच शकत नाही. खाली फक्त दगड होते.

घरी मुलगी समीरवर कडाडली, "बाबांचं वय नाही बघितलंस? अक्कल गहाण टाकलीस का?"

"सॉरी, माझंच चुकलं," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गप्प राहिलो. अजूनही ती नातीला त्याच्याबरोबर डोंगरात पाठवत नाही.

तेव्हापासून दर वर्षी पहिला बर्फ पडला की माझा डावा पाय साध्या चपलेतही अडकतो. उचलताच येत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही, मलाही कारण कळलेलं नाही.

आज सकाळी बर्फ पडलाय. मी खुर्चीतच आहे. मुलीला हाक मारलीय — हे तिला वाचायला देतो, आणि मग उठून बघतो.