पर्यायी विनंती

कचेरीच्या फाटकासमोर टेबल टाकून मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणास्तव कधीही परत आलेला नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या. गडचिरोलीतल्या एका लहान सरकारी प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. धानोरा, सिंदेवाही, बल्लारपूर येथील दुकानांतून कोंबडीचे मांस व मासळी आणायची, त्यांतील जंतू काचेच्या बशीत वाढवायचे आणि ते कोणत्या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत याची नोंद ठेवायची, हे त्यांचे काम. निधी मार्चअखेर संपत होता. तो पुढे मिळावा, एवढाच अर्ज त्यांना हवा होता.

यात निकड काय, असे मी विचारले.

"भाऊ, हे जंतू गोळीनं मरून नाई राह्यले. उद्या घरी कोणाले ताप आला अन् औषध लागूच नाई पडलं, तं?"

मी कोंबडी खात नाही, असे मी स्पष्ट केले.

"तुमचा शेजारी तं खाते ना?"

मी दीड पान लिहिले. आमच्या व्यवसायाची एक रीत आहे. साहेबापुढे एकच मागणी ठेवली की नकार देणे सोपे जाते. म्हणून शेवटी एक लहान, बिनखर्चाची विनंती जोडायची. काहीतरी मंजूर होते, अर्जदार रिकाम्या हाताने जात नाही. माझा लौकिक याच रीतीवर उभा आहे. त्यानुसार मी लिहिले की, निधी देणे शक्य नसल्यास अर्जदारास अन्य विभागात सामावून घ्यावे. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून, हे कशाले, असे विचारले. पद्धत आहे, असे मी सांगितले. त्यांनी सही केली.

पंधरवड्यात आदेश निघाला. अर्जदार स्वतःच अन्यत्र जाण्यास तयार असल्याने त्यांना दाखल्यांच्या खिडकीवर नेमण्यात येत होते. सबब निधीचा प्रश्न उद्भवत नव्हता. बाईंनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"नोकरी वाचली, भाऊ. पण मी नोकरी मागतली कुठी होती?"

मी तत्काळ दुसरा अर्ज लिहिला. त्यात मागणी एकच ठेवली, माझ्या आयुष्यात प्रथमच. प्रयोगशाळेला तोवर कुलूप लागले होते. काही महिन्यांनी मी चौकशी केली, तेव्हा पूर्वीच्या आदेशान्वये हा अर्जही निकाली काढल्याचे समजले.