मागच्या बाकावरून घेतलेलं माप

टेलरमास्तरांना टेप लागत नसे, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. गिऱ्हाईक दारातून काउंटरपाशी पोचेपर्यंत त्याची छाती, कंबर, बाही सगळं मास्तरांच्या डोक्यात लिहून झालेलं असे. टेप गळ्यात असायचा, अगदी रविवारीही, पण तो पुढाऱ्याच्या उपरण्यासारखा, नुसता ओळख पटावी म्हणून.

परदेशात येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत बसून ते पँटी आखूड करत, चेनी बदलत, कोटांची अस्तरं लावत. गावी अख्खे सूट शिवणारा हा माणूस इथं दुसऱ्यांच्या कपड्यांची टोकं दुमडत होता. त्याची तक्रार नव्हती, कारण त्या खोलीत फारसं बोलावं लागत नसे. तिथली भाषा मास्तरांना कळायची सगळी. बोलायला गेलं की मात्र वाक्य मध्येच उसवायचं.

म्हणून रविवारच्या मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, हे कॅथलिक कुटुंब, म्हणजे मास्तर, त्यांची बायको आणि आठ वर्षांची लेक, चर्चच्या अगदी शेवटच्या बाकावर बसायचं. सुरुवातीचं गीत संपत आलं की आत शिरायचं आणि शेवटच्या आशीर्वादाआधी सटकायचं, हा मास्तरांचा नियम. कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद घ्यायलाही, मागच्या दारापाशी उभ्या असणाऱ्या फादरांच्या मदतनीसाचीच रांग धरायची.

"गर्दी नको," मास्तर म्हणायचे. चर्चमध्ये माणसं मोजून साठ.

"गर्दीला नाही, 'तुम्ही कुठले' या प्रश्नाला घाबरता तुम्ही," बायको म्हणायची.

पण तो तास मास्तरांना जिवापाड हवा असायचा. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, घंटा कधी वाजणार, हे आठवड्यातल्या त्या एकाच तासात त्यांना कुणाला विचारावं लागत नसे.

एकदा लेकीनं चर्चचं चित्र काढलं. चित्रात नुसती डोकी, सगळी मागून. अंबाडे, वेण्या, आणि मधोमध एक टक्कल.

"हे आपल्या पुढच्या बाकावरचे," बायको हसत म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. "बघा. पोरीला वाटतं, चर्च म्हणजे लोकांच्या पाठी बघायची जागा. दोन महिन्यांनी तिचं पहिलं कम्युनियन. तोवर तिथं आपल्याला हाक मारणारं एक तरी माणूस झालं पाहिजे. नाहीतर त्यानंतर मी घरीच जपमाळ म्हणेन. निदान भिंती तरी ओळखीच्या."

मास्तरांनी चित्र पुन्हा हातात घेतलं. बायको बोलली की करते, हा बारा वर्षांचा अनुभव होता.

त्याच आठवड्यात चर्चच्या चाव्या सांभाळणाऱ्या आजी लाँड्रीत आल्या. हातात फादरांचा मिस्सेचा झगा होता, खांद्यावर पार विरलेला.

"याला ठिगळ लागेल का?"

मास्तरांनी कापड उजेडात धरलं. "ठिगळ नाही. नवा. मी शिवतो. भेट."

आजींनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही आपल्या चर्चमध्ये येता?"

"चार वर्षं."

"कुठं बसता?"

"मागं."

"अगदी मागं?"

"अगदी."

"बरं, मग फादरांना पाठवते मापाला."

फादर येणार म्हणजे बोलणार.  "नको, नको. पाहिलंय मी," मास्तर डोळ्यांकडं बोट दाखवत म्हणाले.

"निदान हा जुना ठेवून जाऊ का?"

हा तर सरळसरळ अपमान होता. "नको."

घरी बायकोनं विचारलंच. "अहो, माप?"

"चार वर्षं बघतोय की त्यांना."

"एवढ्या लांबून?"

"अगं, त्या चर्चमध्ये आपल्याकडं तोंड करून उभा असलेला तोच एक माणूस आहे. त्याचं तरी माप चुकेल का?"

तीन आठवडे संध्याकाळी शिलाई चालली. बायकोनं झग्याच्या छातीवर गव्हाची ओंबी भरली, लेकीनं खडू सांभाळला. पुढच्या रविवारी झगा आजींच्या हाती देऊन तिघं आपल्या बाकावर बसले. चार वर्षांत पहिल्यांदाच ते वेळेआधी आले होते.

बाजूच्या खोलीतून फादर बाहेर आले. फादर बुटके होते! बाह्यांतून बोटं दिसत नव्हती, घेर वीतभर जमिनीवर लोळत होता. तिसऱ्याच पावलाला फादरांचा पाय झग्यावर पडला. आजींनी धरलं म्हणून बरं.

"पप्पा, लांब झालाय!" लेक खणखणीत ओरडली. नशीब, मराठीत.

फादर स्वतःच हसत सुटले. "यात अजून एक फादर मावेल. हा सुंदर झगा शिवला कुणी?"

आजींनी शेवटच्या बाकाकडं बोट केलं. साठ डोकी वळली.

दार चार पावलांवर होतं. फादर तीस पावलांवर. बायकोनं दाराकडं पाहिलं नाही, मास्तरांकडं पाहिलं.

"सटकताय का?"

मास्तर उठले. कोटाच्या कॉलरवरच्या पिना काढून त्यांनी ओठांत धरल्या आणि मधल्या वाटेनं चालत सुटले. फादरांसमोर गुडघे टेकले, ते मात्र घेर दुमडायला.

"सरळ उभे राहा," ते ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले. "हलू नका. आता थोडं वळा." ही वाक्यं रोजची होती, त्यामुळं एकही उसवलं नाही. फादर शाळकरी पोरासारखे वळले.

"तुम्ही उंच नाही," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"वेदीमागं फळी ठेवलीय, तिच्यावर उभा राहतो," फादर म्हणाले. "पुढं बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही फार लांब बसता हो."

 शेवटची पीन टोचून मास्तर उठले आणि वळले. त्या टकलाला पुढून झुबकेदार मिशा होत्या! सगळ्यांना तोंडं होती, आणि बहुतेक हसत होती. पार मागं बायको आणि लेक शर्टाच्या बटणाएवढ्या दिसत होत्या. मास्तरांनी दोन्ही हातांनी त्यांना पुढं बोलावलं. आजींनी पहिल्या बाकावर सरकून जागा केली.

"पिना आहेत, सांभाळून," मास्तर फादरांना म्हणाले. "मिस्सा संपली की शिवतो. तुम्ही जाऊ नका."

'जाऊ नका' हे कोण कुणाला सांगतंय, ते ऐकून बायकोनं हसू लपवायला ओढणी तोंडाला लावली.

मिस्सा संपल्यावर मास्तर बाजूच्या खोलीत टाके घालत होते, फादर स्टुलावर उभे होते आणि दारात मिशावाले काका ढगळ झालेला कोट घेऊन रांग धरून होते.

"तुम्ही कुठले हो, मास्तर?" काकांनी विचारलं.

मास्तरांनी दोरा दातांनी तोडला. "सांगतो," ते म्हणाले. "आधी हात वर करा, माप घेतो." आणि चार वर्षांत पहिल्यांदा गळ्यातला टेप खाली काढला.