झाकण मिटेना

मे महिना अर्धा सरला तरी मिशिगनच्या त्या अंगाला थंडी जायचं नाव घेत नव्हती. पहाटे हिव पडलं होतं. ऊन वर आलं तसं गवतावरचं पांढरं वितळलं आणि अंगण पायाखाली पचपच करायला लागलं. आर्लीन पोस्टमा साडेपाचपासून टॉवेल घेऊन कॅम्परचं कापड पुसत होती. ओलं कापड मिटलं की आठवड्यात बुरशी धरते, हे तिकडं पोराटोरांनाही ठाऊक. पाच टॉवेल पिळून झाले होते, सहावा हातात होता. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली घासलेला उजवा खांदा वर जाताना कुरकुरत होता, आणि पुसायचं राहिलेलं कापड तर सगळं वरच होतं.

कॅम्पर तिच्या थोरल्या बहिणीची, डोरीनची. अकरा वर्षं कोठारात पडून होती. खाली दोन चाकांवरची पत्र्याची पेटी. हँडल फिरवलं की छत वर उठायचं, दोन बाजूंनी दोन पलंग बाहेर सरकायचे, मधे कापड ताणलं जायचं आणि खोली उभी राहायची. मिटली की कमरेएवढी, मोटारीमागे ओढून न्यायची. डोरीननं ती देताना एवढंच म्हटलं होतं, "उंदीर तुझे. मला परत नकोत."

नड तशीच होती. घरमालकानं घर विकलं होतं. म्हाताऱ्यांच्या वसाहतीतली खोली मिळणार होती, पण ऑक्टोबरात. मधले साडेचार महिने कुठं काढायचे? तेव्हा आर्लीननं उत्तरेकडच्या जंगलात, तळ्याकाठच्या तंबूतळावर राखणदारीचं काम धरलं. संडास धुवायचे, सरपणाच्या मोळ्या विकायच्या, दंगा करणाऱ्यांना दटावायचं. पगार नाही, पण जागा फुकट. आज दुपारी तीनच्या आत पोचायचं होतं. तळावरच्या बाईनं फोनवर गोड आवाजात बजावलं होतं, "तीन वाजले की मी यादीतल्या पुढच्या जोडप्याला फोन लावते हं, पोस्टमाबाई." आणि रस्ता अडीच तासांचा.

सहा आठवडे आर्लीन त्या पेटीत राबली होती. तीनशे डॉलरच्या वर जायचं नाही असं ठरवून. उंदरांनी कुरतडलेल्या गाद्यांना चर्चच्या जुन्या बाजारातलं मेणकापड शिवलं, चेरीच्या नक्षीचं. चादरी फाडून पडदे केले आणि दोरीवर ओवले. जोडे ठेवायचं खिशाखिशांचं कापड दाराशी टांगून त्यात मीठ, चहा, काडेपेटी, नवऱ्याच्या गोळ्या असा सगळा कोठीघराचा पसारा लावला. बेसिन गळकं निघालं म्हणून त्या भोकावर भांडी धुवायचं प्लास्टिकचं घमेलं बसवलं. पलंगाच्या दांडीला डोकं आपटतं म्हणून पोरं पोहायला घेतात ती फोमची नळी उभी चिरून दांडीवर चढवली. कापडाची भोकं चिकटवली. नवऱ्याच्या, मर्लच्या पाठीसाठी चार इंची फोमची जुनी गादी आणली. चाळीस वर्षं लोकांची छपरं शाकारून मर्लची पाठ कामातून गेली होती.

आणि हे सगळं छत उभं ठेवून. चिकटवलेलं वाळू दे, खांदा थांबू दे, उद्या बघू, परवा बघू, असं म्हणत सहा आठवड्यांत एकदाही तिनं ती पेटी मिटून पाहिली नव्हती.

आठ वाजता डोरीन आली. पलंग आत सरकवले. आर्लीननं हँडल उलटं फिरवायला घेतलं. छत करकरत खाली आलं आणि चार बोटं वर अडकून बसलं.

"दाब जरा," आर्लीन म्हणाली.

"दाबू कशानं? माझ्या बुडानं?" डोरीन म्हणाली. "आर्ली, खरं सांग. सामान भरल्यावर मिटून बघितली होतीस?"

आर्लीन हँडल पुसत राहिली.

"अगं, एक वस्तू आत टाकली की एकदा मिटायची! तीस उन्हाळे आम्ही हेच केलं. दिवा लावला, मिटली. पडदा लावला, मिटली. तू काय बंगला बांधत होतीस होय?"

मर्ल पायरीवर उशी घेऊन बसला होता. "पट्टा आवळा वरून," तो म्हणाला. "हायवेला लागली की बसेल आपोआप."

"बसेल ना! छत शेतात जाऊन बसेल," डोरीन म्हणाली. "छत उचलणाऱ्या तारा तुटल्या तर परत उघडायची नाही ही. मग तळावर काय, हिच्यावर बसून राखण करणार?"

पुन्हा हँडल. छत वर. आर्लीननं आता डावा हात लावला. फोमची गादी ओढून काढली, गुंडाळून दोरीनं बांधली, मोटारीच्या मागच्या सीटवर कोंबली. छत खाली. दोन बोटं अंतर. पुन्हा वर. प्लास्टिकचे कप्पे काढले, जाड रजया काढल्या, घमेलं काढलं. गवतावर अर्धा संसार मांडला गेला. शेजारून कुत्रं फिरवणारा म्हातारा थांबून विचारता झाला, "विकायचंय का काही?"

"बहीण विकायचीय," डोरीन म्हणाली. "घेता?"

छत खाली. तरी दोन बोटं.

साडेदहा झाले होते. आर्लीन चाकावर टेकली. "चादरी काढू," ती म्हणाली. "पडद्यांची दोरी फुगत असेल."

डोरीननं तिच्याकडं पाहिलं, मग पायरीवरच्या मर्लकडं. कुठं अडतंय ते फटीतून दोघींना दिसत होतं. चुलीच्या ओट्यावर मर्लनं पाइनच्या लाकडाची फळी बसवली होती. कपांना खोबणी, पुढं काठ, कोपरे गोल घासलेले. पाठ गेल्यापासून त्यानं केलेलं हे एकच काम. दिवसाला अर्धा तास, बसून, तीन आठवडे. मापं त्यानं उभ्या खोलीची घेतली होती, मिटलेल्या पेटीची नव्हे.

"पडदे नाहीत ते," मर्ल पायरीवरून म्हणाला. "फळी आहे."

"पडदेच असतील, मर्ल."

"आर्ली, चाळीस वर्षं छपरं घातली मी. छत कशावर अडतंय ते मला कळत नाही होय?" तो उशी सोडून उठला. उठायला त्याला वेळ लागला. "स्क्रू ड्रायव्हर दे. आणि तू छत वर कर. तू नको, डोरीन करेल. तुझा खांदा बघवत नाही."

"अर्धीच कापू," आर्लीन म्हणाली. "वरचा भाग..."

"करवत चालवत बसलीस तर दुपार होईल. दे इकडं."

आत तो वाकून उभा राहिला. आठ स्क्रू. प्रत्येकाला तो थांबायचा, एक हात छताला टेकून श्वास घ्यायचा. डोरीन हँडल धरून उभी. आर्लीननं स्क्रू एकेक करून हातात घेतले. शेवटचा फिरेना. मर्लनं चर्चमधल्या माणसाला न शोभणारी शिवी घातली, मग तो सुटला.

"फळी मी ठेवते कोठारात," डोरीन म्हणाली. "खोली मिळाली की तिथं लावा."

"तिथं भिंतीला भोक पाडू देत नाहीत," मर्ल म्हणाला. "तुझ्याकडंच लाव. बाटल्या ठेव."

छत खाली आलं आणि चारही कड्या बसल्या. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. बाकीचं सामान मोटारीत जिथं फट मिळेल तिथं घुसलं. रजया मर्लच्या मांडीवर. अकरा पन्नासला गाडी निघाली. चढावर मागची पेटी ओढताना इंजिन धापा टाकत होतं. वाटेत दोघांनी उकडलेली अंडी खाल्ली. मर्ल एकदाच बोलला, "कप कशात ठेवणार आता?" आर्लीन म्हणाली, "घमेल्यात," आणि पुढच्या ट्रकमागे राहिली.

तळ्यावर पोचले तेव्हा तीनला वीस मिनिटं कमी होती. तळावरची बाई कागद घेऊन उभी होती. तिनं आधी घड्याळ पाहिलं, मग कॅम्पर पाहिली. "जुनी आहे," ती म्हणाली.

"मिटते," आर्लीन म्हणाली.

सही झाली. किल्ल्यांचा जुडगा मिळाला, पिवळं जाकीट मिळालं, ऑक्टोबरपर्यंतची जागा मिळाली, झाडाखालची, जरा उतारावरची. मर्लला आर्लीननं मोटारीतच सीट मागं पाडून झोपू दिलं. पलंग उघडायचे होते, फोम पसरायचा होता, हँडल पुन्हा फिरवायचं होतं. जाता जाता ती बाई मागं वळून म्हणाली, "आणि हां, दोन नंबरच्या संडासातला कागद सकाळपासून संपलाय. लोक ओरडतायत."

आर्लीननं जाकीट चढवलं. खांदा बाहीत जाईना, तेव्हा डाव्या हातानं धरून घातला. मग बादली, खराटा आणि कागदाच्या चार गुंडाळ्या घेऊन ती दोन नंबरच्या दिशेनं चालू लागली.