मामांचं कल्चर

एका शब्दासाठी एवढ्या गंभीरपणे आयुष्य वेचणारा माणूस आमच्या तळमजल्यावरच्या मामांखेरीज मी पाहिला नाही. मामा तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि शब्द होता 'कल्चर'. मूळ लॅटिन, अर्थ मशागत, हे ते पहिल्या भेटीतच सांगत आणि मग तुमच्या कामात त्याचा अर्थ काय, असं विचारत. मी शोळिंगनल्लूरला नोकरी करते. आमच्या कंपनीचं कल्चर म्हणजे शुक्रवारी सगळ्यांनी मिळून पिझ्झा खाणं, असं मी सांगितलं, तेव्हा एखाद्या व्रताची माहिती ऐकावी तशी त्यांनी मान डोलावली. एका लॅबवाल्याकडून जंतू बशीत कसे वाढवतात ते काढून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "त्यांस खावयास काय देतां?" केळीच्या रोपांचं टिश्यू कल्चर झालं, मोत्यांचं झालं. एका लग्नात कुणीतरी "आपलं कल्चर बुडालं हो," म्हणून गहिवरलं, तर मामा शांतपणे म्हणाले, "शेवटीं दूध कधीं घातलें होतें?"

दूध, कारण त्यांच्या लेखी खरं कल्चर एकच, मामींचं विरजण. मामी गेल्या त्या दिवशी ओट्यावर त्यांच्या हातचं दही होतं. त्यातलं चमचाभर दुधाला लावून मामांनी ते रोज पुढे चालवलं. त्यापायी परगावी मुक्काम करणंही सोडलं. मला आधी या सगळ्याचं हसू यायचं.

गेल्या महिन्यात मामांचा ताप हटेना. डॉक्टरांनी रक्ताचं कल्चर करायला सांगून दाखल करून घ्यायचं ठरवलं. त्यांच्या घरात दिवेलागणीनंतर विरजण कुणाला देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून. तरी दिवे लागल्यावर मामा वाटी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"ती असती तर ओरडली असती," ते म्हणाले. "पण रोज लाव गे. चुकूं नको."

मी रोज लावलं. फोनवर मी रिपोर्टचं विचारलं की ते उलट विचारत, "दहीं लागलें कां?"

बरे होऊन आले त्या सकाळी मी भांड्यातलं वाटीभर दही त्यांच्यापुढे ठेवलं. मामांनी एक चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

"तिचें नव्हे," ते म्हणाले. "हात बदलला."

मी वाटी उचलायला हात पुढे केला. मामांनी मात्र सावकाश सगळं दही संपवलं, वाटी बोटानं पुसून चाटली आणि माझ्यापुढे धरली.

"पण जितें आहे. थोडें दे मज. आज दुधास लावायाचें आहे."