खुरप्याला दिलेलं पाणी

फौजेत मी स्टोअरमध्ये पाने-पकडी वाटायचो. गावात मात्र ‘वर्कशॉपचा माणूस’ म्हणून मिरवतो. पलूसच्या आमच्या परसात तेच मला नडलं.

बायकोचं खुरपं बोथट झालं होतं. माहेरहून आणलेलं, मुठीवर तिच्या बोटांचे खळगे पडलेलं. चार दिवसांनी भुईमुगात भांगलण, म्हणजे तण काढायचं होतं. ती म्हणाली, “लोहाराकडं टाकून या.” एवढंच. मी म्हणालो, भट्टीच घालतो घरी.

ट्रॅक्टरचा जुना ब्रेक ड्रम आणला, खालून पाइप घातला, पाइपाला लेकीचा केस वाळवायचा ड्रायर लावला. आतून सिमेंटचा गिलावा दिला आणि तो ओला असतानाच कोळसे पेटवले. थोड्याच वेळात गिलावा असा तडकला की ढलप्या शेजारच्या म्हशीपर्यंत गेल्या. ड्रायर वितळून पाइपाला चिकटला.

बायको दारातून बघत होती. “जन्मात कवा चूल घातलीया का? माती लिंपा, वाळू द्या.”

“तुला भट्टीतलं काय कळतंय?”

“मला न्हाई कळत. म्हशीला इचारा.”

शेवटी माती तिनंच लिंपली. ती वाळल्यावर मी सायकलच्या पंपानं वारा घालत बसलो. मूठ आधी काढायची असते, हे ती जळाल्यावर कळलं. खुरपं लाल झालं तसा लोहाराला फोन लावला. “आता पाणी द्या,” तो म्हणाला.

आम्ही पडलो ऊसवाले. पाणी द्यायचं म्हटलं की आमचा हात आखडत नाही. अख्खं खुरपं बादलीत बुडवलं, वर दोन तांबे ओतले. मग ते कानशीनं घासून बांबूची मूठ ठोकली. बायकोनं ती मूठ हातात धरून बघितली.

भांगलणीला पहिल्याच दगडावर पातं काचेसारखं तुटलं.

लोहारानं तुकडे उलटसुलट बघितले. “आवं, नुसती धार बुडवायची, ती बी उलीशी. तुमी आडसाली उसागत पाजलंय.”

“जोडता येईल?”

“न्हाई. नवं घ्या.”

नव्या खुरप्यानं संध्याकाळपर्यंत बायकोच्या तळहाताला फोड आले. मला लय लागलं ते. दुसऱ्या दिवशी तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, मी धरली. बायकांच्या रांगेत सगळ्यात मागे मीच. ती बांधावर बसून बघत होती. म्हणाली, “गवत काढा. भुईमूग ऱ्हाऊ द्या.”