कल्याणपलीकडचा खप

संगणकाचं बटण दाबलं की बाई हात झटकन मागे घ्यायच्या, तव्याला बोट लागावं तसा. पडद्यावर उत्तर उमटेपर्यंत हात मांडीवर. मग म्हणायच्या, "बघू, मग मानू." अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील.

ठाण्याच्या एका दैनिकात त्या खप विभागात होत्या, मी बातम्यांच्या टेबलावर. नव्वदच्या सुमारास कार्यालयात पहिला संगणक आला आणि आम्हा दोघांना संध्याकाळी डोंबिवलीच्या क्लासला धाडण्यात आलं. तिथे दाराबाहेर चपला काढाव्या लागत. धुळीने मशीन बिघडतं, असा तेव्हा समज होता. गार खोलीत बाई पदर दोन्ही खांद्यांवर ओढून बसत.

शिकवणारा तरुण त्यांना काकू म्हणे.

"काकू, प्रत्येक विक्रेत्याची एक नोंद. पहिल्या रकान्यात नाव."

"सर, आंबिवलीच्या स्टॉलवर सून बसते. स्टॉल सासऱ्याच्या नावावर. फोनवर ती त्याचं नाव घेत नाही. मी नोंद शोधू कशी?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "नंबर द्या ना काकू. प्रत्येकाला वेगळा. नंबर तर सांगेल?"

"सांगेल की. हे बरं काढलंत."

लवकरच त्या सुनेचे फोन येऊ लागले, "बाई, मी सतरा बोलतेय."

पावसाळा संपताना मालकांनी कल्याणपलीकडच्या खपाचा आलेख मागवला. तिकडे अंक पोचवणारी जीप ठेवायची की बंद करायची, ते त्यावर ठरणार होतं. ती जीप बाईंचा धाकटा भाऊ चालवायचा. ते सगळ्यांना माहीत होतं.

बाईंनी आकडे भरले, मशीनने रेषा काढली, कागद छापून वर गेला. त्या दिवशी त्या 'बघू' म्हणाल्या नाहीत. हाताने आलेख काढताना त्या तळाशी आधी शून्य लिहीत. मशीनने सर्वांत कमी खपालाच तळ धरलं होतं. थोडीशी घट कड्यावरून कोसळल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी चूक त्यांच्याच लक्षात आली. नवा आलेख घेऊन त्या व्यवस्थापकांकडे गेल्या. मी तिथेच होतो.

"साहेब, कालच्या कागदाचा तळ कापला गेलाय. हा शून्यापासून काढलाय."

"आकडे तेच?"

"तेच."

"आणि रेषा सरळ झाली." त्यांनी कागद उलटा ठेवला. "बाई, भाऊ आहे, समजू शकतो मी. पण मालकांना काय सांगू?"

बाईंनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पुन्हा समजावलं. साहेबांनी फोन उचलला.

जीप बंद झाली. भावाने त्यांना एकच विचारलं, "ताई, पहिला कागद तूच काढलेलास ना?" त्या हो म्हणाल्या. हे त्यांनीच मला सांगितलं, बस सुटण्याची वेळ सांगावी तशा सुरात.

भाऊबीजेला त्यांची रजा होती. दुपारी त्या कार्यालयात आल्या. अंगावर नवी साडी.

"आज कशा काय?" मी विचारलं.

"पाट मांडून भावाची वाट बघत बसलेले. जेवण गार झालं, मग इकडे आले."

त्यांनी मशीन सुरू केलं. "दिवाळी अंकाच्या खपाचा आलेख लागेल ना?"

कुणी मागितला नव्हता. त्या आकडे भरत राहिल्या.