पाण्याला नाही म्हणू नये

पेणच्या खाडीकाठी जन्मभर मिठागरावर राबलेले माझे बाबा गेल्या एप्रिलमध्ये रोह्याजवळ वरसे गावात आमच्याकडे राहायला आले, आणि आठवडाभरात मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. माझ्या भावाने फोनवरच निकाल दिला, "वय झालं त्यांचं. आता असंच चालायचं." मला संताप आला. इतक्या स्वस्तात मी माझा बाप सोडणार नव्हते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तान्ह्या बाळाच्या अंगात तीन-चतुर्थांश पाणी असतं, मोठेपणी ते निम्म्याच्या थोडं वर येतं आणि म्हातारपणी आणखी आटतं, हे मी झोपेतही सांगेन. वर तहानही मंदावते. बाबांची जीभ कोरडी पडली होती. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं: अंगात पाणी कमी पडतंय, त्यानेच भ्रम होतोय, पाजत राहा.

सांगणं सोपं. "तहान नाय गो लागली," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. मिठागरावर प्यायचं पाणी घरून कळशीने न्यावं लागे, म्हणून घोटावर भागवायची सवय हाडात मुरलेली. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे तहानच लागायला तयार नव्हती.

पण मीही त्यांचीच मुलगी. बाबा घरात नाही म्हणतील, परक्या दारात कधीच नाही. पुढे केलेलं पाणी नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. मी मजल्यावरच्या शेजारणींना गाठलं. सकाळपासून बोलावणी सुरू झाली. "आजोबा, या की!" दार उघडलं की आधी फुलपात्र भरून पाणी, मग गप्पा. समोरचा शेजारी धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आला की त्याच्याकडे सरबत. बाबा मुकाट्याने पीत आणि घरी येऊन कुरकुरत, "काय माणसं ही, पाण्यावरच बोळवण करतात!"

मी गालातल्या गालात हसे, पण धाकधूक होतीच. हाक अजून आत्याच्याच नावाने येत होती.

मग एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन भिंतीला टेकून बसले होते. बाबांनी मला बराच वेळ न्याहाळलं.

"पोरी, तोंड बघ कसं सुकलंय तुझं. सकाळपासून पाणी तरी प्यायलीस काय?"

पोरी म्हणाले. पन्नाशी ओलांडलेली मी हमसून हमसून रडले. पाणी खरंच प्यायले नव्हते. आठवणच झाली नव्हती. बाबा उठले, माठातून पाणी घेऊन आले आणि मी ते संपवेपर्यंत समोरून हलले नाहीत.